भिशीचा भरवसा आणि लोणीचे विठ्ठलराव

लोधीखेडा, सौंसर, पांढुर्ण्यात भिशी कुणाला समजावून सांगावी लागत नाही. दर महिन्याला ठरलेली रक्कम टाकायची. ज्याच्या नावाची चिठ्ठी निघेल, त्याला भिशी लागली. तारण म्हणजे फक्त ओळखपाळख. भिशी उचलून एखादा पसार झाला, की बाकीचे कपाळाला हात लावून बसतात.

याच भरवशाला कायद्याच्या चौकटीत आणलं नगर जिल्ह्यातल्या लोणी बुद्रुकच्या विठ्ठलराव विखे पाटलांनी. घर शेतकऱ्याचं, शाळा जेमतेम. पेरणी असो की लग्न, गावाला पैसा सावकाराचाच. १९२३ साली गावकरी जोडून त्यांनी लोणीत सहकारी पतपेढी काढली. त्या काळी गावच्या अशा संस्थांत सभासदांची जबाबदारी सहसा अमर्याद असे. एकाने कर्ज बुडवलं, तर भुर्दंड सगळ्यांवर. भिशीत गेला तर आपला हप्ता जातो. इथं शेजाऱ्याच्या कर्जापायी स्वतःची जमीनही जाऊ शकत होती. तरी माणसं सह्या-अंगठे द्यायला तयार झाली, ही विठ्ठलरावांची खरी कमाई.

पुढे शेतकऱ्यांच्याच मालकीचा साखर कारखाना काढायचं ठरलं. शेअरसाठी ते गावोगाव फिरले. अध्यक्ष झाले धनंजयराव गाडगीळ, म्हणजे आपल्या शेजारच्या नागपुरात वाढलेले अर्थतज्ज्ञ. १९५० सरता-सरता प्रवरानगरला गाळप सुरू झालं.

१९६१ मध्ये विठ्ठलरावांना पद्मश्री मिळाली. १९८० मध्ये ते गेले. कारखान्याला आज त्यांचंच नाव आहे.