संत ऑगस्तीन यांचा संशयकाळ

आफ्रिकेंतील तागास्ते गांवीं 354 सालीं जन्मलेले संत ऑगस्तीन नऊ वर्षें मानीच्या पंथांत राहून निराश झाले व 383 सालीं माता मोनिकेस चुकवून रोमला गेले. तेथें, मनुष्यास सत्य कळणेंच शक्य नाहीं, या अकादमीच्या मताकडे त्यांचें मन झुकलें. त्यांच्या तारुण्यांतील इतर दोषांहून आम्हांस हाच काळ अधिक भयंकर वाटतो. ज्यास कांहींच खरें म्हणवत नाहीं, त्यानें प्रार्थना तरी कोणाची करावी? मिलानांत बिशप आंब्रोज यांचीं प्रवचनें ऐकतांनाही, पुन्हां फसण्याच्या भीतीनें, ते संमति रोखून धरीत. 386 सालीं मनःपरिवर्तन होतांच त्यांनीं या मताविरुद्ध ग्रंथ रचिला. सत्य ज्यास ठाऊकच नाहीं, त्यानें एखादें मत सत्यासारखें दिसतें असें म्हणावें तरी कसें, हा त्यांचा प्रश्न. 387 सालीं ईस्टरच्या पूर्वरात्रीं आंब्रोज यांनीं त्यांस बाप्तिस्मा दिला. त्याच वर्षीं ओस्तिया येथें मोनिकेनें समाधानानें डोळे मिटले.