लक्ष्मणराव किर्लोस्कर

लक्ष्मण काशिनाथ किर्लोस्कर (जन्म : २० जून, इ.स. १८६९, गुर्लहोसूर, बेळगाव जिल्हा. मृत्यू : २६ सप्टेंबर, इ.स. १९५६) हे मराठी उद्योजक, यंत्रज्ञ आणि किर्लोस्कर उद्योगसमूहाचे संस्थापक होते. आजच्या सांगली जिल्ह्यातील किर्लोस्करवाडी ही औद्योगिक वसाहत त्यांनी इ.स. १९१० मध्ये वसवली. कडबा कापण्याची यंत्रे आणि लोखंडी नांगर यांपासून सुरू झालेला त्यांचा कारखाना पुढे पंपांकडे वळला. त्यांच्या हयातीतच या घराण्याने तेलावर चालणारी इंजिने आणि विद्युत मोटारी बनवण्यास आरंभ केला. पंप, पंखे, शीतगृहे आणि वातानुकूलन यंत्रे यांना फिरवणारी मोटार देशात तयार होण्यासाठी जे ओतकाम आणि लेथकाम लागते, त्याची महाराष्ट्रातील सुरुवातीची शाळा म्हणून किर्लोस्करवाडीकडे पाहता येते.

प्रारंभिक जीवन

लक्ष्मणरावांचा जन्म गुर्लहोसूर येथे झाला. संगीत नाटककार अण्णासाहेब किर्लोस्कर हेही याच गावचे. शालेय अभ्यासात लक्ष्मणरावांचे मन फारसे रमले नाही. चित्रे काढणे आणि यंत्रांची उघडझाक करणे हे त्यांचे दोन छंद होते. चित्रकला शिकण्यासाठी ते मुंबईच्या सर जमशेटजी जीजीभॉय कलाशाळेत दाखल झाले. तेथे त्यांना अंशतः रंगांधत्व असल्याचे लक्षात आले. रंगकाम सोडावे लागल्यावर त्यांनी यांत्रिक रेखाटन हा विषय निवडला. रंगांशी संबंध नसलेल्या या चित्रकलेने त्यांच्या आयुष्याची दिशा बदलली असे म्हणणे वावगे ठरणार नाही.

पुढे मुंबईच्या व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्ये (आजचे वीरमाता जिजाबाई तंत्रशास्त्र संस्थान) ते शिक्षक झाले. यांत्रिक रेखाटन शिकवता शिकवता संस्थेच्या कार्यशाळेतील वाफेची इंजिने आणि यंत्रे त्यांनी स्वतः हाताळून समजून घेतली. अभियांत्रिकीची पदवी त्यांच्याजवळ नव्हती. त्यांचे सारे यंत्रज्ञान कार्यशाळेत आणि परदेशी तांत्रिक मासिकांच्या वाचनातून आले होते. त्यांना अपेक्षित असलेली बढती एका अँग्लो-इंडियन सहकाऱ्यास मिळाल्यावर त्यांनी नोकरी सोडली आणि ते बेळगावला परतले.

बेळगाव : सायकली, कडबा आणि नांगर

नोकरीत असतानाच, इ.स. १८८८ मध्ये, त्यांनी थोरले बंधू रामचंद्र ऊर्फ रामूअण्णा यांच्यासह बेळगावात सायकलींचे दुकान काढले होते. लक्ष्मणराव मुंबईत सायकली विकत घेऊन पाठवीत आणि रामूअण्णा त्या विकत. सायकल ही तेव्हा सातशे ते हजार रुपयांची, म्हणजे साहेब लोकांना आणि बड्या अधिकाऱ्यांनाच परवडणारी वस्तू होती. ती चालवायला शिकवण्याचे पंधरा रुपये रामूअण्णा वेगळे घेत. या दुकानाच्या जोडीला दुरुस्तीचे काम आले आणि दुरुस्तीमागून छोटा कारखाना आला.

कारखान्याचे पहिले नाव घेण्याजोगे उत्पादन म्हणजे कडबा कापण्याचे यंत्र. त्यानंतर लक्ष्मणरावांनी लोखंडी नांगर घडवला. लाकडी नांगर जमीन वरवर उकरतो. लोखंडी नांगर खोल जातो, माती उलथतो आणि हरळीसारख्या तणांची मुळे वर काढतो. शेतकऱ्यांना मात्र लोखंडाने जमीन नासते, तिच्यात विष भिनते अशी भीती वाटत होती. तयार झालेले नांगर पडून राहिले. पहिला नांगर विकला जाण्यास जवळजवळ दोन वर्षे लागली. या काळात भांडवल अडकून पडले होते आणि घरखर्चाचीही ओढाताण होत होती. तरीही नांगर बाजूला ठेवून पुन्हा सायकलींकडे वळण्याचा निर्णय बंधूंनी घेतला नाही. उलट प्रत्यक्ष शेतात नांगरून दाखवणे आणि तक्रारी ऐकून भागांमध्ये सुधारणा करणे हा मार्ग त्यांनी धरला. पुढे हीच या उद्योगाची कार्यपद्धती झाली.

नांगराला गिऱ्हाईक मिळू लागले तेव्हाच दुसरे संकट आले. वसाहतीच्या विस्तारासाठी बेळगाव नगरपालिकेने कारखान्याची जागा रिकामी करण्यास सांगितले.

किर्लोस्करवाडी

औंध संस्थानचे अधिपती भवानराव ऊर्फ बाळासाहेब पंतप्रतिनिधी यांच्याशी लक्ष्मणरावांचा पूर्वीपासून परिचय होता. बाळासाहेबांनी संस्थानातील कुंडल रोड रेल्वे स्थानकाजवळची जमीन आणि दहा हजार रुपयांचे बिनव्याजी कर्ज देऊ केले. जमीन माळरानाची होती. निवडुंगाचे रान आणि सापांचा सुळसुळाट यांशिवाय तेथे काही नव्हते. पाण्याचीही टंचाई होती. तरीही स्थानक जवळ असल्याने कच्चा माल आणणे आणि नांगर रवाना करणे शक्य होते. १० मार्च, इ.स. १९१० रोजी येथे कारखान्याची उभारणी सुरू झाली. स्थानकाचे नाव पुढे किर्लोस्करवाडी असेच झाले.

वसाहत उभारताना लक्ष्मणरावांनी निवडलेली माणसे हा स्वतंत्र अभ्यासाचा विषय आहे. रामूअण्णांकडे वसाहतीची आखणी व व्यवस्था होती. शंभोराव जांभेकर इंजिनापासून विहिरीपर्यंत पडेल ते तांत्रिक काम पाहत, मंगेशराव रेगे हिशेब सांभाळीत, तर शाळेत न रमलेले अनंतराव फळणीकर कारखान्यात नामांकित कारागीर बनले. गुन्हेगारीचा शिक्का बसलेल्या माणसांना लक्ष्मणरावांनी पहारेकरी नेमले. वसाहतीत अस्पृश्यता पाळण्यास मनाई होती. त्या काळी मुंबई-पुण्यातही सहज न दिसणारी ही गोष्ट होती.

पहिल्या महायुद्धात परदेशी अवजारांची आयात आटली आणि देशी नांगराला मागणी वाढली. पण त्याच वेळी बिडाचे लोखंड, कोक आणि रंग यांचा तुटवडा पडला. मिळेल त्या मालातून काम निभावण्याची सवय कारखान्याला याच वर्षांत लागली. इ.स. १९२० मध्ये किर्लोस्कर ब्रदर्स लिमिटेड ही कंपनी स्थापन झाली. त्याच वर्षी लक्ष्मणरावांचे पुतणे शंकरराव किर्लोस्कर यांनी 'किर्लोस्कर खबर' हे नियतकालिक सुरू केले. मालाची माहिती देणाऱ्या या पत्रिकेचे पुढे 'किर्लोस्कर' मासिकात रूपांतर झाले आणि 'स्त्री' (इ.स. १९३०) व 'मनोहर' (इ.स. १९३४) ही मासिके त्याच्या जोडीला आली.

नांगराकडून पंपाकडे

लक्ष्मणरावांचे ज्येष्ठ पुत्र शंतनुराव अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीमधून यंत्र अभियांत्रिकीची पदवी घेऊन इ.स. १९२६ मध्ये परतले. या दशकात कारखाना पंपांच्या निर्मितीकडे वळला. उसाचे चरक, शेंगा फोडण्याची यंत्रे, लोखंडी फर्निचर आणि लेथ यांचेही उत्पादन वेळोवेळी झाले. परंतु पुढील वाटचालीच्या दृष्टीने पंप सर्वांत महत्त्वाचा ठरला. नांगर बैल ओढतात. पंपाला मात्र मिनिटाला शेकडो फेरे देणारे चालक यंत्र लागते. ते प्रथम तेलावरचे इंजिन होते आणि जेथे वीज पोहोचली तेथे विद्युत मोटार. पंप देशी आणि त्याला फिरवणारे यंत्र विलायती, ही स्थिती फार काळ टिकणारी नव्हती.

इ.स. १९४१ मध्ये म्हैसूर संस्थानातील हरिहर येथे यंत्रे बनवणारी यंत्रे, म्हणजे लेथ इत्यादी, तयार करण्यासाठी म्हैसूर किर्लोस्कर ही कंपनी निघाली. इ.स. १९४६ मध्ये पुण्याजवळ खडकी येथे किर्लोस्कर ऑइल इंजिन्स आणि बंगळूर येथे किर्लोस्कर इलेक्ट्रिक या कंपन्या स्थापन झाल्या. बंगळूरच्या कंपनीची धुरा लक्ष्मणरावांचे पुत्र रवींद्र यांनी सांभाळली. लक्ष्मणराव तेव्हा सत्तरीच्या पुढे होते आणि दैनंदिन कारभार पुढील पिढीकडे गेला होता.

विद्युत मोटार आणि तिची परिभाषा

लक्ष्मणराव विद्युत अभियंता नव्हते. तरीही त्यांच्या कारखान्यातील कौशल्यांतून मोटारीकडे जाणे स्वाभाविक का होते, हे मोटारीची रचना पाहिली की समजते. प्रत्यावर्ती विजेवर चालणाऱ्या मोटारीचे मुख्य भाग दोन. बाहेरचा स्थिर भाग म्हणजे स्टेटर आणि आतला फिरणारा भाग म्हणजे रोटर. स्टेटरमध्ये पोलादी पत्र्यांच्या चकत्यांच्या खाचांतून तांब्याच्या तारेचे वेढे भरलेले असतात. त्यांना वाइंडिंग म्हणतात. मोटार जळाली असे गावोगावी म्हटले जाते तेव्हा सहसा हे वेढेच जळालेले असतात आणि रिवाइंडिंग करावे लागते. वेढ्यांत वीज सोडली की फिरते चुंबकीय क्षेत्र तयार होते आणि ते रोटरला आपल्यामागे ओढते. हे तत्त्व इ.स. १८८० च्या दशकात इटलीत गॅलिलिओ फेरारिस व अमेरिकेत निकोला टेस्ला यांनी स्वतंत्रपणे मांडले.

स्टेटर आणि रोटर यांच्यामधली हवेची फट लहान मोटारीत एका मिलिमीटरहूनही कमी असते. बिडाचे बाह्य कवच, दोन्ही बाजूंची झाकणे आणि बेअरिंगची घरे अचूक कातलेली नसतील तर रोटर घासतो. ओतकाम आणि लेथकाम यांचा संबंध येतो तो येथे; नांगर आणि पंप यांनी तो हात आधीच तयार केला होता.

मोटारीच्या पाटीवर तिची ताकद अश्वशक्तीत किंवा किलोवॅटमध्ये दिलेली असते; एक अश्वशक्ती म्हणजे सुमारे ७४६ वॅट. भारतातील वीज सेकंदाला ५० आवर्तनांची असल्याने चार ध्रुवांच्या मोटारीतील चुंबकीय क्षेत्र मिनिटाला १५०० फेरे करते. रोटर नेहमी थोडा मागे राहतो, म्हणून पाटीवर १४४० च्या आसपास आकडा दिसतो. या फरकाला स्लिप म्हणतात. हा फरक नसेल तर रोटरमध्ये वीजच निर्माण होणार नाही आणि तो ओढलाही जाणार नाही.

शेतातील पंपांना बहुधा थ्री फेज वीज लागते, घरात सिंगल फेज येते. सिंगल फेजवर फिरते क्षेत्र आपोआप तयार होत नाही. त्यासाठी वेगळे वाइंडिंग आणि त्याला जोडलेला कपॅसिटर लागतो. पंख्याला सुरू होताना फारसा जोर लागत नाही, म्हणून त्याला लहान कपॅसिटर पुरतो. शीतकपाटाच्या किंवा वातानुकूलन यंत्राच्या कॉम्प्रेसरला दाबाविरुद्ध सुरुवात करावी लागत असेल तर आरंभीचा जोर, म्हणजे स्टार्टिंग टॉर्क, जास्त हवा; तेथे सुरुवातीपुरता मोठा कपॅसिटर जोडून रिले किंवा स्विच तो नंतर बाजूला काढतो. मोटार अडकली किंवा विजेचा दाब घसरला तर प्रवाह वाढून वाइंडिंग तापते. ते जळण्यापूर्वी वीज तोडणाऱ्या साधनाला ओव्हरलोड म्हणतात.

घरगुती शीतकपाटात मोटार आणि कॉम्प्रेसर एकाच बंद डब्यात असतात आणि परतणारा थंड वायूच मोटारीला गार ठेवतो. बर्फाच्या कारखान्यांत आणि मोठ्या शीतगृहांत मात्र अमोनिया वापरला जातो. अमोनिया तांबे खातो, त्यामुळे तेथे मोटार कॉम्प्रेसरच्या बाहेर ठेवून पट्ट्याने किंवा कपलिंगने जोडतात. भाईंदरजवळच्या उत्तनसारख्या कोळीवस्त्यांना मासळी टिकवण्यासाठी जो बर्फ लागतो, तो बनवणाऱ्या कारखान्यांत ही रचना पाहावयास मिळते. अशा प्रकारचे कॉम्प्रेसर बनवणारी किर्लोस्कर न्यूमॅटिक ही कंपनी पुण्यात इ.स. १९५८ मध्ये, म्हणजे लक्ष्मणरावांच्या निधनानंतर दोन वर्षांनी स्थापन झाली.

अखेरची वर्षे

महात्मा गांधी यांच्या हत्येनंतर इ.स. १९४८ च्या आरंभी पश्चिम महाराष्ट्रात उसळलेल्या दंगलीत किर्लोस्करवाडीच्या कारखान्यावर जमावाने हल्ला करून आग लावली. पस्तीसहून अधिक वर्षांच्या श्रमांतून उभे राहिलेले बरेच काही त्यात नष्ट झाले. जातिभेद न मानणाऱ्या वसाहतीवर जातीय रोषातून हा प्रसंग यावा, ही त्यातील विशेष दुःखद बाब होय. कारखाना पुन्हा उभारण्यात आला आणि उत्पादन सुरू झाले. त्याच वर्षी औंध संस्थान मुंबई प्रांतात विलीन झाले.

२६ सप्टेंबर, इ.स. १९५६ रोजी लक्ष्मणरावांचे निधन झाले. त्यांच्या जन्मशताब्दीनिमित्त भारतीय टपाल खात्याने २० जून, इ.स. १९६९ रोजी त्यांचे टपाल तिकीट काढले. किर्लोस्करवाडीच्या कारखान्यात पंपांचे उत्पादन पुढेही चालू राहिले.