हॅस्लिंग्डनचा करार आणि विनू मंकड

भारतीय क्रिकेट संघाचा १९५२ चा इंग्लंड दौरा दोन कारणांसाठी स्मरणात राहिला आहे. हेडिंग्ले येथील पहिल्या कसोटीच्या दुसऱ्या डावात फलकावर एकही धाव लागण्यापूर्वी भारताचे चार फलंदाज तंबूत परतले होते, हे झाले पहिले कारण. दुसरे कारण असे की, त्या काळातील भारताचा सर्वश्रेष्ठ अष्टपैलू खेळाडू त्याच दिवसांत, त्याच देशात मुक्कामाला असूनही भारतीय संघात नव्हता. लँकेशायरमधील हॅस्लिंग्डन नावाच्या एका छोट्या गावाच्या क्लबाशी त्या मोसमाचा करार झाल्याने विनू मंकड तेथील लीगचे सामने खेळत होते.

मूळवंतराय हिंमतलाल मंकड हे त्यांचे पूर्ण नाव. विनू हे शाळेत पडलेले टोपणनाव आयुष्यभर चिकटले. १२ एप्रिल १९१७ रोजी जामनगर येथे त्यांचा जन्म झाला. रणजी आणि दुलीप या दोन राजपुत्रांच्या या संस्थानात क्रिकेटला राजाश्रय होता. ससेक्स परगण्याकडून खेळलेले बर्ट वेन्स्ली हे इंग्लिश व्यावसायिक तेथे प्रशिक्षक होते आणि डावखुऱ्या फिरकीचे धडे मंकड यांना त्यांच्याकडून मिळाले. १९३६-३७ मध्ये नवानगरने रणजी करंडक जिंकला, त्या संघात तरुण मंकड होते. पुढच्याच हंगामात लॉर्ड टेनिसन यांचा संघ भारतात आला तेव्हा अनधिकृत कसोट्यांत फलंदाजी व गोलंदाजी या दोन्ही सरासरींमध्ये मंकड अव्वल ठरले. त्यानंतर दुसरे महायुद्ध आले आणि उमेदीची वर्षे त्यात गेली. कसोटी पदार्पण झाले ते १९४६ मध्ये, वयाच्या एकोणतिसाव्या वर्षी, लॉर्ड्सवर. त्या दौऱ्यात त्यांनी ११२० धावा आणि १२९ बळी अशी दुहेरी कामगिरी केली. भारतीयांपैकी अन्य कोणाला इंग्लंडच्या दौऱ्यात हे साधलेले नाही.

१९४७-४८ च्या ऑस्ट्रेलिया दौऱ्यात त्यांनी मेलबर्नवर दोन शतके केली. पण जगाच्या लक्षात राहिले ते सिडनीत बिल ब्राऊन यांना चेंडू टाकण्यापूर्वी धावचीत करणे. त्याआधी एका सामन्यात ताकीद देऊनही ब्राऊन क्रीज सोडून पुढे सरकत होते, हे मात्र पुष्कळांना ठाऊक नसते. ‘मंकडिंग’ हा शब्द रूढ झाला आणि निष्कारण दूषण ठरला. या प्रकारच्या बाद होण्याचा नियम २०२२ मध्ये अखिलाडू वर्तनाच्या कलमातून काढून साध्या धावचीतच्या कलमात घालण्यात आला.

मंकड यांची खरी उंची दिसली ती १९५१-५२ च्या हंगामात. इंग्लंडविरुद्धच्या मायदेशातील मालिकेत त्यांनी ३४ बळी घेतले. मद्रासच्या पाचव्या कसोटीत पहिल्या डावात ५५ धावांत ८ आणि दुसऱ्या डावात ५३ धावांत ४ अशी त्यांची गोलंदाजी होती. विजय हजारे यांच्या नेतृत्वाखालील भारताने तो सामना एक डाव आणि ८ धावांनी जिंकला. कसोटी क्रिकेटमध्ये आल्यानंतर वीस वर्षांनी, पंचविसाव्या सामन्यात मिळालेला हा भारताचा पहिला विजय. फेब्रुवारी १९५२ मधली ही गोष्ट. त्याच वर्षीच्या जूनमध्ये भारतीय संघ हेडिंग्लेवर उतरला तेव्हा या विजयाचा शिल्पकार त्यात नसावा, हे आजच्या वाचकाला चमत्कारिक वाटेल.

त्यासाठी हॅस्लिंग्डन समजून घेतले पाहिजे. लँकेशायरच्या डोंगराळ भागातले हे कापडगिरण्यांचे गाव. मुंबईकराने डोळ्यांसमोर आणायचे तर बोरघाटाच्या पायथ्याचे खोपोली आणावे: मागे डोंगर, पुढे कारखाने, आणि गावाच्या मानाने नाव मोठे. हा दाखला अगदीच ओढूनताणून आणलेला नाही. खोपोलीच्या टाटा वीजगृहातून १९१५ पासून जी वीज मुंबईच्या गिरण्यांना मिळू लागली, त्याच गिरण्यांच्या मालाने लँकेशायरच्या कापडाची भारतातील बाजारपेठ पुढे आक्रसत नेली. अशा गिरणगावांच्या क्लबांची मिळून लँकेशायर लीग बनली होती. प्रत्येक क्लबाला एकच व्यावसायिक खेळाडू ठेवण्याची मुभा असे. बाकीचे दहा जण म्हणजे गावातलेच कामगार, कारकून, दुकानदार. सामना शनिवारी दुपारी. व्यावसायिकाने अर्धशतक झळकावले की प्रेक्षकांत टोपी फिरे आणि जमलेली नाणी त्याच्या खिशात जात. आठवड्याच्या मधल्या दिवसांत गावच्या पोरांना शिकवणे हाही त्याच्या कामाचा भाग असे. लिअरी कॉन्स्टंटाईन यांनी नेल्सनमध्ये या पद्धतीला प्रतिष्ठा मिळवून दिली. अमरसिंग कोल्नकडून, तर एव्हर्टन वीक्स बेकपकडून खेळले. खुद्द हजारेही लँकेशायरच्या लीग क्रिकेटमध्ये व्यावसायिक म्हणून खेळून आले होते.

एकाच माणसावर सारे वर्ष उभे असल्याने क्लबाला त्याचे नाव मोसमाच्या पुष्कळ आधी पक्के हवे असे. भारतीय क्रिकेट मंडळाचे काम याच्या नेमके उलट चाले. दौऱ्याचा संघ निवडायचा तो दौरा तोंडावर आल्यावर. तोवर कोणाला काही सांगायचे नाही. खेळाडूशी करार नाही, वर्षाचे मानधन नाही. संस्थानिकांची नोकरी, नाहीतर एखाद्या कंपनीचा आश्रय यांवर खेळाडूचा संसार चाले. स्वातंत्र्यानंतर संस्थाने विलीन झाली आणि त्यातला एक आधार सुटला. मंकड तेव्हा पस्तिशीत होते, कुटुंब होते, आणि डावखुऱ्या फिरकीवर आणखी किती वर्षे रोजी निघेल हे सांगता येत नव्हते.

त्यांनी मंडळाला एकच गोष्ट विचारली. दौऱ्यासाठी आपली निवड होणार असेल तर तसे आश्वासन द्यावे. आपण हॅस्लिंग्डनला नकार कळवू. मंडळाने आश्वासन देण्याचे नाकारले. एकाला हमी दिली तर उद्या दुसरा मागेल, निवड ही गुणवत्तेवर आणि वेळच्या वेळी व्हायला हवी, असा युक्तिवाद त्यामागे करता येतो आणि कागदावर तो बिनतोड आहे. परंतु ज्याने मागच्याच मालिकेत ३४ बळी घेतले, त्याची निवड ही गुणवत्तेची शंका असलेली बाब नव्हती. तत्त्वाच्या आडून येथे प्रश्न अधिकाराचा होता: खेळाडूने मंडळाला काही विचारावे, हेच मानवणारे नव्हते. मंकड यांनी हॅस्लिंग्डनचा करार कायम ठेवला. त्यात देशद्रोह शोधणारेही तेव्हा निघाले.

आज युरोपातील फुटबॉल क्लब आपल्या उपयुक्त खेळाडूचा करार संपण्याआधी वर्ष-दोन वर्षेच वाढवून घेण्यासाठी धडपडतात. १९९५ च्या बोस्मन निकालानंतर करार संपलेला खेळाडू हस्तांतरणाचे शुल्क न देता दुसरीकडे जाऊ शकतो, हे त्यामागचे रोकडे कारण. आपल्याकडे क्रिकेट मंडळाचे वार्षिक करार यायला एकविसावे शतक उजाडावे लागले. १९५२ च्या मंडळाला मात्र आपल्याकडे गमावण्यासारखे काही आहे याचीच जाणीव नव्हती.

ती ५ जून रोजी सुरू झालेल्या हेडिंग्ले कसोटीने करून दिली. पहिल्या डावात वीस वर्षांच्या विजय मांजरेकर यांनी १३३ आणि हजारे यांनी ८९ धावा करून संघाला २९३ पर्यंत नेले होते. दुसऱ्या डावात पंकज रॉय, दत्ताजीराव गायकवाड, माधव मंत्री आणि मांजरेकर हे चौघेही धावफलक शून्यावर असताना बाद झाले. त्यांतील तिघे पदार्पण करणाऱ्या फ्रेड ट्रूमनचे बळी. सामना सात गड्यांनी गेला. मंडळाने मग धावपळ करून हॅस्लिंग्डनशी बोलणी केली आणि क्लबाने उरलेल्या तीन कसोट्यांसाठी आपला व्यावसायिक मोकळा केला. ज्याला निवडण्याची हमी देता येत नव्हती, त्याला एका गावच्या क्लबाकडून मागून आणावे लागले!

लॉर्ड्सची कसोटी १९ जूनला सुरू झाली. मंकड तेथे आले ते शनिवारच्या लीग सामन्यांच्या सरावावर. सलामीला जाऊन त्यांनी ७२ धावा केल्या. भारताचा डाव २३५ धावांत आटोपला. मग इंग्लंडच्या ५३७ धावांच्या डावात त्यांनी ७३ षटके टाकली, १९६ धावांत ५ बळी घेतले. चेंडू खाली ठेवून त्याच दिवशी ते पुन्हा सलामीला उतरले. ३०२ धावांची पिछाडी, समोर ट्रूमन, बेडसर आणि लेकर. मंकड यांनी १८४ धावा केल्या. कसोटीत कोणाही भारतीयाची तोवरची ही सर्वोच्च खेळी होती. हजारे यांच्याबरोबर तिसऱ्या गड्यासाठी २११ धावांची भागीदारी झाली, त्यात कर्णधाराचा वाटा ४९ चा. यावरून मंकड कसे खेळत होते हे ध्यानात येईल. इंग्लंडला विजयासाठी ७७ धावा हव्या असताना त्यांनी आणखी २४ षटके टाकली. आठ गड्यांनी हरलेला हा सामना ‘मंकडची कसोटी’ म्हणूनच ओळखला जातो. लॉर्ड्सच्या मानफलकांवर फलंदाज आणि गोलंदाज अशा दोन्ही रकान्यांत त्या एकाच सामन्यासाठी त्यांचे नाव आहे.

पुढच्या दोन सामन्यांत असे काही घडले नाही. मँचेस्टरला भारताचे दोन्ही डाव एकाच दिवसात ५८ आणि ८२ धावांत संपले. ओव्हलवर पावसाने पराभव टाळला. एक माणूस उसना आणून संघ उभा राहत नाही, हेही खरेच.

त्याच वर्षी मंकड यांनी हजार धावा आणि शंभर बळींचा टप्पा तेविसाव्या कसोटीत गाठला. इयन बोथम यांनी १९७९ मध्ये तो मोडेपर्यंत हा विक्रम टिकला. १९५४-५५ मध्ये पाकिस्तानात गेलेल्या पहिल्या भारतीय संघाचे ते कर्णधार होते. पाचही कसोट्या अनिर्णित राहिल्या. १९५५-५६ च्या न्यूझीलंडविरुद्धच्या मालिकेत त्यांनी मुंबईत २२३ आणि मद्रासमध्ये २३१ धावा काढल्या. मद्रासला पंकज रॉय यांच्यासह केलेली ४१३ धावांची सलामी २००८ पर्यंत जागतिक विक्रम म्हणून अबाधित होती.

मंडळाची संघबांधणी मात्र सुधारली नव्हती. १९५८-५९ मध्ये वेस्ट इंडिजविरुद्धच्या पाच कसोट्यांसाठी भारताने चार कर्णधार वापरले. मद्रासच्या सामन्याच्या आदल्या दिवशी संघनिवडीच्या वादातून पॉली उमरीगर यांनी राजीनामा दिला आणि ऐनवेळी एक्केचाळीस वर्षांच्या मंकड यांच्या हाती नेतृत्व सोपवण्यात आले. सामना २९५ धावांनी हरला. पुढची दिल्लीची कसोटी हेमू अधिकारी यांच्या नेतृत्वाखाली झाली, आणि ती मंकड यांची अखेरची. ४४ कसोट्या, २१०९ धावा, १६२ बळी, आणि पहिल्यापासून अकराव्यापर्यंत प्रत्येक क्रमांकावर केलेली फलंदाजी, एवढा हिशेब मागे राहिला.

१९७३ मध्ये त्यांना पद्मभूषण मिळाले. त्यांचे पुत्र अशोक मंकड कसोटी खेळले आणि त्यांच्या नेतृत्वाखाली मुंबईने रणजी करंडक जिंकला. २१ ऑगस्ट १९७८ रोजी मुंबईत विनू मंकड यांचे निधन झाले. वानखेडे स्टेडियमजवळच्या रस्त्याला आणि एकोणीस वर्षांखालील मुलांच्या राष्ट्रीय स्पर्धेच्या करंडकाला त्यांचे नाव देण्यात आले. आंतरराष्ट्रीय क्रिकेट परिषदेच्या मानकऱ्यांत त्यांचा समावेश व्हायला २०२१ साल उजाडले.