पवित्र शास्त्राचे सेवक संत जेरोम

ज्युबिलीच्या वर्षीं आपण आपल्या देवळाकडे पाहतों तेव्हां पायाचा दगड, घंटा, वेदी आणि ज्यांनीं घाम गाळून हें सारें उभारिलें ते आपले वाडवडील यांची आठवण आपणांस सहजच होते. परंतु वेदीजवळ ठेवलेल्या ज्या ग्रंथांतून रविवारीं व सणावारीं वाचन होतें, त्या ग्रंथाची आठवण किती जणांस होते? तो ग्रंथ लोकांच्या हातीं यावा म्हणून ज्यांनीं आपली झोंप, आपली दृष्टि आणि आपलें सारें आयुष्य वेंचिलें, त्यांत संत जेरोम यांचें नांव अग्रभागीं आहे. म्हणून ह्या मंगल प्रसंगीं त्यांचें चरित्र वाचकांस थोडक्यांत सांगावें, असें आम्हीं योजिलें आहे.

संत जेरोम यांचा जन्म इ. स. ३४७ च्या सुमारास स्त्रिदोन नांवाच्या गांवीं झाला. हा गांव रोमन साम्राज्याच्या दाल्मातिया व पान्नोनिया ह्या दोन प्रांतांच्या सीमेवर होता. आईबाप ख्रिस्ती असून घरची स्थिति चांगली होती. मुलाची बुद्धि तल्लख पाहून त्यांनीं त्याला रोम शहरीं विद्याभ्यासासाठीं पाठविलें. तेथें दोनातुस ह्या प्रख्यात व्याकरणपंडिताच्या हाताखालीं लॅटिन भाषेचें उत्तम शिक्षण त्याला मिळालें. व्हर्जिलचें काव्य व सिसेरोचीं भाषणें यांचें त्याला वेडच लागलें. आवडलेले ग्रंथ स्वतःच्या हातानें उतरून काढून त्यानें मोठा ग्रंथसंग्रह जमविला. रविवारीं तो मित्रांसह जमिनीखालच्या अंधाऱ्या दफनभूमींत उतरे आणि तेथें प्रेषितांच्या व रक्तसाक्षींच्या कबरींचें दर्शन घेई. मात्र त्या मोठ्या शहराच्या मोहांपासून तो अलिप्त राहिला नाहीं, हें पुढें त्यांनीं स्वतःच मोकळेपणानें कबूल केलें आहे. इ. स. ३६६ च्या सुमारास त्यांनीं रोमांतच बाप्तिस्मा घेतला.

पुढें देवासाठीं एकांतांत राहावें अशी ओढ त्यांच्या मनांत उत्पन्न झाली आणि ते कांहीं मित्रांसह पूर्वेकडे निघाले. घरदार सुटलें, गोडधोड खाण्याची संवयही सुटली. पण तो ग्रंथसंग्रह कांहीं सुटेना. उपास करावा, रात्रीं जागून पापांसाठीं अश्रु ढाळावे, आणि मग सिसेरोचें पुस्तक हातीं घ्यावें, असा त्यांचा क्रम होता. संदेष्ट्यांचे ग्रंथ उघडले कीं त्यांची भाषा ओबडधोबड वाटून मन विटे. अंत्युखिया येथें उपवासकाळांत त्यांस कडक ताप आला. जवळचीं माणसें पुरण्याची तयारी करूं लागलीं, इतकी स्थिति बिकट झाली. त्या आजारांत त्यांनीं असें पाहिलें कीं, आपण न्यायाधीशाच्या आसनासमोर उभे असून आपणांस आपला धर्म विचारण्यांत येत आहे. त्यांनीं ख्रिस्ती म्हणून उत्तर दिलें. परंतु तें खोटें ठरलें. ज्याच्या ठायीं त्यांचा जीव गुंतला होता त्या सिसेरोचेच ते अनुयायी आहेत, असा निवाडा होऊन त्यांस फटके मारण्यांत आले. जागे झाल्यावर त्या फटक्यांचे वळ अंगावर जाणवत होते, असें त्यांनीं पुढें एका पत्रांत लिहिलें आहे. जितक्या आवडीनें मनुष्यांचे ग्रंथ वाचले त्याहून अधिक आवडीनें आतां देवाचे ग्रंथ वाचीन, असा त्यांचा त्या दिवसापासून निश्चय झाला.

वाचकहो, ह्या प्रसंगीं आपण क्षणभर थांबूं या. हा मनुष्य नास्तिक नव्हता, दुराचारीही नव्हता. तो बाप्तिस्मा घेतलेला, उपास करणारा, प्रार्थना करणारा ख्रिस्ती होता. आणि तरीही देवाचा शब्द त्याला रुचत नव्हता. आपल्यापैकीं पुष्कळांची स्थिति याहून फारशी निराळी नाहीं, असें आम्हांस वाटतें.

यानंतर ते सिरियांतील खाल्किस नामक वाळवंटांत जाऊन राहिले. देह उन्हानें करपून गेला, तरी मन मात्र रोमांतील नाचरंगांत भटके. त्या मनाला कांहीं कठीण काम लावून द्यावें म्हणून त्यांनीं ख्रिस्ती झालेल्या एका यहुदी गृहस्थाचें शिष्यत्व पत्करिलें आणि ते हिब्रू भाषा शिकूं लागले. गोड लॅटिन वाचणाऱ्या ह्या पंडिताला त्या भाषेचे घशांतील उच्चार फार जड गेले. कितीदां त्यांनीं निराश होऊन अभ्यास सोडिला आणि पुन्हां हातीं घेतला. मोहावर उपाय म्हणून सुरूं केलेल्या ह्या अभ्यासाचें फळ पुढें साऱ्या ख्रिस्तसभेला मिळालें.

अंत्युखिया येथें धर्मगुरुपदाची दीक्षा घेऊन व कॉन्स्टँटिनोपल येथें संत ग्रेगरी नाझियान्झेन यांच्याजवळ शास्त्र शिकून ते इ. स. ३८२ त रोमास परतले. तेव्हां पोप दामासस गादीवर होते. लॅटिन शास्त्राच्या हस्तलिखित प्रतींत त्या काळीं इतका गोंधळ माजला होता कीं, जितक्या प्रती तितके पाठ. पोपमहाराजांनीं जेरोम यांस आपले चिटणीस नेमून शुभवर्तमानें मूळ ग्रीकवरून शुद्ध करण्याचें काम सांगितलें. ह्याच काळांत मार्सेल्ला, पावला, तिची कन्या युस्तोखियम अशा थोर कुळांतील स्त्रिया त्यांच्याजवळ शास्त्र शिकूं लागल्या. मार्सेल्ला इतके प्रश्न विचारी कीं, गुरूंनाच अधिक अभ्यास करावा लागे. परंतु जेरोम यांची जीभ फार तिखट होती. रोमांतील ऐषारामी धर्मगुरूंवर त्यांनीं असे कोरडे ओढले कीं शत्रु पुष्कळ झाले. आणि ३८४ त पोप दामासस वारल्यावर पुढच्याच वर्षीं त्यांना रोम सोडावें लागलें.

इ. स. ३८६ त ते बेथलेहेम येथें स्थायिक झाले. पावला व युस्तोखियम ह्याही तेथें आल्या. पावलाबाईंनीं आपलें द्रव्य खर्चून पुरुषांसाठीं व स्त्रियांसाठीं मठ आणि यात्रेकरूंसाठीं धर्मशाळा बांधिली. प्रभूच्या जन्मस्थानाजवळ जेरोम यांनीं ३४ वर्षें घालविलीं. तेथें बरानिनास नांवाचा एक यहुदी शिक्षक आपल्या लोकांच्या भीतीनें रात्रीं येऊन त्यांस हिब्रू शिकवी. सुमारें ३९० पासून ४०५ पर्यंत पंधरा वर्षें खपून त्यांनीं जुन्या कराराचीं हिब्रू पुस्तकें थेट मुळावरून लॅटिनमध्यें उतरविलीं.

ह्या कामाबद्दल त्यांस प्रथम शाबासकी मिळाली नाहीं. लोकांस जुने शब्द पाठ होते. आफ्रिकेंतील एका गांवीं योना संदेष्ट्याच्या कथेंतील वेलीचें नांव बदललेलें ऐकून देवळांतच गलका झाला, आणि तेथील बिशपांस आपला कळप हातचा जातो कीं काय असें भय पडलें. ही हकीकत संत ऑगस्टीन यांनीं जेरोम यांस पत्रानें कळविली. आम्हांस त्या लोकांचें थोडें कौतुकही वाटतें. एक शब्द बदलतांच ज्यांच्या कानांस खटकलें, त्यांनीं तें शास्त्र किती वेळां मन लावून ऐकिलें असेल!

पावलाबाईंच्या मठांतील नियम लक्षांत ठेवण्याजोगा आहे. पहांटेपासून मध्यरात्रीपर्यंत ठराविक वेळीं स्तोत्रें गाइलीं जात. तीं येत नाहींत असें कोणाही भगिनीला चालत नसे, आणि प्रत्येकीनें शास्त्राचा कांहीं भाग रोज पाठ करावाच लागे. पावलाबाईंच्या सुनेनें, म्हणजे लेता हिनें, आपल्या तान्ह्या मुलीस कसें वाढवावें असें विचारिलें, तेव्हां ह्या महापंडितानें मोठ्या प्रेमानें तिला उत्तर लिहिलें. मुलीस लांकडाचीं किंवा हस्तिदंताचीं अक्षरें करून द्यावीं, म्हणजे तीं तिचें खेळणेंही होतील व शिक्षणही होईल. थोडी मोठी झाली कीं तिनें दररोज नेमलेला शास्त्रपाठ आईला म्हणून दाखवावा. आरंभीं स्तोत्रें, मग नीतिसूत्रें, उपदेशक व ईयोब, मग शुभवर्तमानें व प्रेषितांचीं कृत्यें आणि त्यानंतर संदेष्टे, असा क्रम त्यांनीं घालून दिला. धर्मशिक्षणाचा पाया घरीं आईच्या मांडीवर घातला जातो, हें त्या वृद्ध संन्याशाला पुरतें ठाऊक होतें.

जेरोम यांच्या अंगीं दोषही होते. राग लवकर येई, लेखणी बोंचे, आणि रुफिनुस ह्या बाळपणच्या मित्राशीं झालेला कलह शेवटपर्यंत मिटला नाहीं. संतपद हें निर्दोष स्वभावाचें बक्षीस नव्हे. स्वभावाशीं जन्मभर झुंजत देवाला चिकटून राहणाऱ्यास तें लाभतें, हा धडा त्यांच्या चरित्रांत आहे.

उतारवयांत दुःखें एकामागून एक आलीं. ४०४ त पावलाबाई निवर्तल्या. ४१० त गॉथ लोकांनीं रोम लुटलें, आणि मार्सेल्लाबाईंचा त्याच आपत्तींत अंत झाला. निराश्रित झालेलीं कुटुंबें बेथलेहेमास येऊं लागलीं, तेव्हां यहेज्केलावरील भाष्य बाजूस ठेवून जेरोम त्यांच्या सेवेस लागले. शास्त्राचे शब्द लिहिण्यापेक्षां ते कृतींत आणण्याची ती वेळ आहे, असें त्यांनीं मानिलें. ४१६ त दंगेखोरांनीं मठांस आग लाविली. डोळे अधू झाले, तरी काम थांबलें नाहीं. ३० सप्टेंबर ४२० रोजीं त्यांनीं देह ठेविला. चित्रकार त्यांच्या पायांशीं सिंह दाखवितात; ती दंतकथा आहे. त्यांचें खरें स्मारक म्हणजे त्यांचें भाषांतर. सुमारें १४५५ त गुटेनबर्ग यांच्या छापखान्यांतून जो प्रसिद्ध ग्रंथ निघाला तो हाच, आणि १५४६ त ट्रेंटच्या धर्मपरिषदेनें तो प्रमाण ठरविला.

जेरोम यांनीं शास्त्र ज्या भाषेंत आणिलें ती लॅटिन त्या काळीं बाजारांत व घरांत बोलली जाणारी भाषा होती. १६१६ त फादर थॉमस स्टीफन्स यांचें ख्रिस्तपुराण राशोल येथें छापून निघालें आणि शास्त्रांतील कथा मराठी ओव्यांतून आपल्या पूर्वजांच्या कानीं पडली, तेंही त्याच मार्गानें झालेलें कार्य होय. शास्त्राची ओळख नसणें म्हणजे ख्रिस्ताचीच ओळख नसणें, असें जेरोम यांचें मत होतें. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनें १९६५ त सर्व भाविकांस शास्त्रवाचनाचा आग्रह केला, तेव्हां ह्याच मताचा आधार घेतला.

आज मराठी बायबल घरोघरीं मिळूं शकतें. परंतु तें काचेच्या कपाटांतच राहिलें, तर ह्या सर्व श्रमांचें आपल्यापुरतें काय झालें? आमची विनंति मोठी नाहीं. सायंकाळीं जपमाळ झाल्यावर घरांतील एकानें येत्या रविवारच्या शुभवर्तमानांतील थोडा भाग मोठ्यानें वाचावा, व इतरांनीं शांतपणें ऐकावा. वाचण्याची पाळी लहान मुलांसही द्यावी. प्रथम कंटाळा येईल. जेरोम यांसही आला होता. रोजच्या नेमानें तो जाईल व गोडी लागेल.

आपल्या धर्मग्रामाच्या ह्या ज्युबिलीनिमित्त प्रत्येक घरांत ही ज्योत लागो, आणि ज्या देवळाची ज्युबिली आपण आज करीत आहों त्याच्या भिंतींइकीच आपल्या मुलाबाळांची श्रद्धाही भक्कम होवो, अशी संत जेरोम यांच्या मध्यस्थीनें आम्ही परमेश्वराजवळ प्रार्थना करितों.