डॉक्टर वसंत रामजी खानोलकर

काही थोर पुरुषांची कीर्ती रणांगणावर वाढते, काहींची सभामंडपात. आणि काही असे असतात की, एका लहानशा खोलीत सूक्ष्मदर्शक यंत्रावर डोळा लावून बसण्यातच त्यांचे सारे आयुष्य सार्थकी लागते. ज्यांचे अल्प चरित्र आम्ही आज आमच्या वाचकांपुढे ठेवीत आहो, ते डॉक्टर वसंत रामजी खानोलकर या तिसऱ्या वर्गातील होत. भारतातील कर्करोगसंशोधनाचा पाया घालणाऱ्यांत त्यांचे नाव अग्रभागी घेतले जाते.

त्यांचा जन्म १३ एप्रिल १८९५ रोजी क्वेट्टा येथे झाला. हे शहर बलुचिस्तानात असून आता पाकिस्तानात मोडते. वैद्यकाचे शिक्षण त्यांनी लंडन विद्यापीठात घेतले, आणि १९२३ साली विकृतिशास्त्र या विषयात एम. डी. ही उच्च पदवी संपादन केली. विलायतेत पदवी मिळविलेल्या तरुण डॉक्टरास मुंबईत दवाखाना थाटून द्रव्य जोडणे त्या काळी कठीण नव्हते. तथापि खानोलकरांनी अध्यापनाचा मार्ग पत्करिला. प्रथम ग्रँट वैद्यकीय महाविद्यालयात आणि पुढे परळच्या शेठ गोवर्धनदास सुंदरदास वैद्यकीय महाविद्यालयात त्यांनी विकृतिशास्त्राचे अध्यापक म्हणून काम केले.

विकृतिशास्त्र म्हणजे काय, हे येथे थोडे सांगितले पाहिजे. रोग्याची नाडी पाहणारा, त्यास औषध देणारा किंवा शस्त्रक्रिया करणारा डॉक्टर सर्वांच्या परिचयाचा असतो. विकृतिशास्त्रज्ञ मात्र रोग्याच्या दृष्टीस बहुधा पडतही नाही. शरीरातून काढलेला मांसाचा लहानसा तुकडा त्याजकडे येतो. तो औषधी द्रवात मुरवून मेणात बसवितात, यंत्राने त्याचे केसाहूनही पातळ काप काढितात, ते काचपट्टीवर ठेवून रंगवितात आणि मग सूक्ष्मदर्शकाखाली पाहतात. पेशींची केंद्रे निळसर दिसतात, बाकीचा भाग गुलाबी दिसतो. त्या रंगीत नकाशावरून रोग कोणता, हे त्यास ठरवावयाचे असते.

या विद्येची खरी कसोटी स्त्रियांच्या स्तनातील गाठींच्या बाबतीत लागते. अशा बहुतेक गाठी निरुपद्रवी असतात. तरुण मुलींत आढळणाऱ्या तर विशेषच. परंतु काही गाठी कर्करोगाच्या असतात, आणि हाताला दोन्ही पुष्कळदा सारख्याच लागतात. निरोगी स्तनात दुधाच्या नलिकांभोवती पेशी शिस्तीने रांगेत बसलेल्या दिसतात. कर्करोगात ही शिस्त मोडते. पेशी आपली सीमा ओलांडून शेजारच्या चरबीत शिरतात, आणि पुढे काखेतील ग्रंथींतही घर करितात. विकृतिशास्त्रज्ञाने कर्करोग आहे असा निर्वाळा दिला, की त्या काळचे शस्त्रवैद्य बहुधा संपूर्ण स्तन, खालचे स्नायू व काखेतील ग्रंथी काढून टाकीत. निर्वाळा चुकून होकारार्थी गेला तर एका निरोगी स्त्रीचे शरीर व्यर्थ छेदिले जावयाचे. चुकून नकारार्थी गेला तर घरातील मुले आईवाचून पोरकी व्हावयाची. असे निवाडे रोज करणाऱ्याच्या अंगी किती सावधपणा पाहिजे, याची कल्पना वाचकांनी करावी.

२८ फेब्रुवारी १९४१ रोजी परळ येथे टाटा स्मारक रुग्णालय उघडले, आणि तेथील प्रयोगशाळांची धुरा खानोलकरांनी वाहिली. देशाच्या निरनिराळ्या प्रांतांतून रोगी तेथे येऊ लागले. खानोलकर रोगाचे नाव लिहून स्वस्थ बसणारे नव्हते. हा रोग याच मनुष्यास, शरीराच्या याच जागी का झाला, असा प्रश्न ते करीत. पारशी स्त्रियांत स्तनाचा कर्करोग तुलनेने अधिक, तर हिंदू स्त्रियांत गर्भाशयाच्या मुखाचा अधिक, असे परळच्या नोंदींवरून दिसून आले. एकाच शहरात, एकाच हवापाण्यात राहणाऱ्या समाजांत हा भेद असावा, यावरून विवाहाचे वय, अपत्यांची संख्या, राहणी व आनुवंशिकता यांच्याकडे संशोधकांचे लक्ष वळले.

१९४५ साली सूर्याबाई यांच्यासह त्यांनी एक निबंध प्रसिद्ध केला. त्यात लोकांच्या सवयींतून उद्भवणाऱ्या तीन प्रकारच्या कर्करोगांचे वर्णन होते. चुन्यात मळलेली तंबाखू ओठाआड धरून ठेविल्याने होणारा एक. चिरूट पेटते टोक तोंडात धरून ओढल्याने टाळूस होणारा दुसरा. आणि कमरेस वर्षानुवर्षे घट्ट आवळलेल्या वस्त्राच्या घर्षणाने त्वचेस होणारा तिसरा. आमची भिवंडी हे मागांचे गाव. वस्त्र आणि तंबाखूची चिमूट, दोन्ही आमच्या नित्य परिचयाची. येथून परळ फार दूर नाही, आणि हा निबंधही आम्हांस परका वाटू नये.

१९५२ साली परळ येथे भारतीय कर्करोग संशोधन केंद्र स्थापन झाले, त्याचे ते पहिले संचालक होत. कुष्ठरोगाचा मज्जातंतूंत प्रसार कसा होतो, याविषयीही त्यांनी मोलाचे संशोधन केले. शिष्य घडविण्याची हातोटी त्यांजपाशी होती. पुण्याच्या कमल रणदिवे यांनी त्यांच्या मार्गदर्शनाखाली १९४९ साली मुंबई विद्यापीठाची डॉक्टरेट मिळविली, आणि उंदरांवरील प्रयोगांनी स्तनाच्या कर्करोगाची कारणे शोधण्यात पुढे मोठे नाव कमाविले. शासनाने खानोलकरांस १९५५ साली पद्मभूषण दिले. आंतरराष्ट्रीय कर्करोगविरोधी संघाचे अध्यक्षपद त्यांनी भूषविले, आणि १९६० ते १९६३ या काळात ते मुंबई विद्यापीठाचे कुलगुरू होते. १९७८ साली त्यांचे देहावसान झाले.

आज भारतातील स्त्रियांत सर्वाधिक आढळणारा कर्करोग स्तनाचाच आहे. उपचार पूर्वीहून पुष्कळ सुधारले आहेत. अनेकदा संपूर्ण स्तन काढावा लागत नाही, आणि रोग लवकर कळला तर बरे होण्याची आशा मोठी असते. परंतु काचपट्टीवर काप येण्यापूर्वी रोगी स्त्रीने डॉक्टरांकडे गेले पाहिजे. लज्जेमुळे, घरकामामुळे किंवा खर्चाच्या भीतीमुळे कित्येक माता गाठ लपवून ठेवितात, आणि दुखत नाही म्हणून निश्चिंत राहतात. आरंभी ही गाठ बहुधा दुखत नाही, हाच तिचा घातकपणा होय. आमच्या पालकवर्गास आमची विनंती आहे की, त्यांनी ही गोष्ट घरात संकोच न ठेवता बोलावी.

आणि विद्यार्थ्यांनी खानोलकरांपासून काय घ्यावे? नीट पाहावे, घाईने निर्णय देऊ नये, आणि उत्तर सापडले तरी त्यामागचे कारण विचारावयास विसरू नये. शाळेतील साध्या सूक्ष्मदर्शकावर कांद्याचा पापुद्रा पाहतानाही हा अभ्यास सुरू करिता येतो.