विश्लेषण : यीस्टला ‘जिवंत’ म्हणणाऱ्या थिओडोर श्वान यांची थट्टा का झाली?

पाव फुगवणारे आणि बीअर आंबवणारे यीस्ट सजीव आहे, हे आज शाळकरी मुलांनाही ठाऊक असते. परंतु 1837 मध्ये हे सांगणाऱ्या तरुण संशोधकाला युरोपातील बड्या रसायनशास्त्रज्ञांनी हास्यास्पद ठरवले होते.

कोण होते श्वान?

थिओडोर श्वान यांचा जन्म 7 डिसेंबर 1810 रोजी जर्मनीतील नॉइस गावी झाला. वडील सोनार होते, पुढे त्यांनी छपाईचा व्यवसाय केला. बॉनमध्ये श्वान यांची गाठ शरीरक्रियाशास्त्रज्ञ योहानेस म्यूलर यांच्याशी पडली. पुढे म्यूलर बर्लिनला गेले आणि श्वान त्यांचे सहायक झाले. तेथील पाच वर्षांतच श्वान यांचे बहुतेक मोठे काम झाले. 1836 मध्ये त्यांनी जठररसातील पेप्सिन शोधले. मज्जातंतूंभोवतीच्या पेशी तर आजही त्यांच्याच नावाने ओळखल्या जातात.

यीस्टमध्ये त्यांना काय दिसले?

साखरेचे द्रावण आपोआप आंबते, हवेतील ऑक्सिजन ती क्रिया सुरू करतो, असा तेव्हाचा समज होता. श्वान यांनी यीस्ट घातलेले द्रावण उकळले. त्यात तापवलेली हवा सोडली तेव्हा ते आंबले नाही, साधी हवा सोडली तेव्हा मात्र आंबले. म्हणजे कारण हवा नव्हे, हवेतून येणारे आणि उष्णतेने मरणारे काहीतरी होते. सूक्ष्मदर्शकाखाली त्यांना यीस्टच्या कणांवर कोंबासारखे लहान कण वाढताना दिसले. आज आपण याला कलिकायन म्हणतो. यीस्ट ही साखरेवर वाढणारी बुरशी आहे, असा निष्कर्ष त्यांनी काढला. फ्रान्समध्ये कान्यार द ला तूर आणि जर्मनीत क्युट्झिंग हेही स्वतंत्रपणे त्याच निष्कर्षाला पोहोचले होते.

मग थट्टा कशासाठी?

किण्वन ही निव्वळ रासायनिक क्रिया आहे, असे युस्टुस फॉन लीबिग आणि फ्रीडरिश व्योलर यांचे मत होते. 1839 मध्ये त्यांनी आपल्याच नियतकालिकात निनावी विडंबन छापले. त्यात यीस्ट म्हणजे साखर खाणारे, मद्य आणि वायू उत्सर्जित करणारे चिमुकले प्राणी दाखवले होते. त्याच वर्षी श्वान जर्मनी सोडून बेल्जियममधील लूवेन येथे प्राध्यापक झाले. किण्वनावरचे त्यांचे संशोधन पुढे सरकले नाही. 1857 पासून लुई पाश्चर यांनी हा विषय हाती घेतला आणि श्वान बरोबर ठरले. आपण त्यांच्याच वाटेने गेलो, हे पाश्चर यांनी 1878 मध्ये पत्राने कळवले.

श्वान कुठे चुकले?

1839 मध्येच त्यांनी सर्व प्राणी पेशींचे बनलेले असतात हा सिद्धांत ग्रंथरूपाने मांडला. वनस्पतींबाबत श्लायडेन यांनी तेच म्हटले होते. मात्र नव्या पेशी स्फटिकांप्रमाणे द्रवातून तयार होतात, असे श्वान मानत. जुन्या पेशीतून नवी पेशी निघताना यीस्टमध्ये त्यांनी स्वतः पाहिली होती, तरी प्राण्यांबाबत त्यांनी वेगळा मार्ग धरला. ही चूक पुढे रेमाक आणि फिरशॉ यांनी दुरुस्त केली.

त्या कोंबात नेमके काय घडते?

यीस्टच्या पेशीभोवती ग्लुकान, मॅनोप्रोटीन आणि थोडे कायटिन यांची बनलेली भित्तिका असते. आतील दाबाने पेशी फुटू नये, हे तिचे काम. कलिका येताना एका ठिकाणी ही भित्तिका विकरांमुळे सैल होते आणि तेथेच नवी विणली जाते. दोन्ही कामांचा तोल बिघडला तर पेशी फुटेल. त्यामुळे पेशीपटलातील संवेदक ताण ओळखतात आणि भित्तिका मजबूत करण्याचा संदेश देतात. कलिकेच्या मानेशी कायटिनचे कडे तयार होते. वाढ पूर्ण झाली की तेथे पडदा पडतो. मग कलिकेने सोडलेले विकर तो पडदा सैल करते आणि दोघी वेगळ्या होतात. मातृपेशीवर कायटिनचा व्रण राहतो. त्याच जागी पुन्हा कलिका येत नाही. व्रण मोजले की त्या पेशीने किती कलिका दिल्या, ते कळते.

आज याचे महत्त्व काय?

माणसाच्या पेशींना भित्तिका नसते. म्हणून बुरशीच्या भित्तिकेवर घाव घालणारी औषधे माणसाच्या पेशींना तुलनेने कमी इजा करतात. कॅस्पोफंजिनसारखी औषधे ग्लुकान तयार करणारे विकर रोखतात. कँडिडा या यीस्टच्या गंभीर संसर्गात ती वापरली जातात.

अखेरची वर्षे कशी गेली?

1845 मध्ये लंडनच्या रॉयल सोसायटीने श्वान यांना कोप्ली पदक दिले. 1848 पासून ते बेल्जियममधीलच लिएज येथे शिकवत होते. तेथे त्यांनी खाणीतील बचावकार्यासाठी श्वसनयंत्रही बनवले. 11 जानेवारी 1882 रोजी कोलोन येथे त्यांचे निधन झाले. यीस्ट जिवंत आहे, यावर तोवर वाद उरला नव्हता.