कुमारप्पांचा हिशेब : गावातून गेलं किती, परत आलं किती?

उसाच्या मळीपासून इथेनॉल, शेणापासून गॅस, पऱ्हाट्यांपासून जळण. शेतातल्या मालावर आणि काडीकचऱ्यावर चालणाऱ्या अशा धंद्यांना आता जैव अर्थव्यवस्था म्हणतात. केंद्र सरकारने २०२४ मध्ये जैव उत्पादनांसाठी धोरणही मंजूर केलं. शब्द नवा आहे, पण विचार जुना आहे. वर्ध्यात बसून हा विचार मांडणारा आणि करून दाखवणारा माणूस म्हणजे जे. सी. कुमारप्पा.

कुमारप्पांचा जन्म ४ जानेवारी १८९२ चा, तंजावरचा. घर तमिळ ख्रिस्ती. लंडनला शिकून ते हिशेब तपासनीस झाले आणि मुंबईत त्यांनी व्यवसाय केला. पुढे अमेरिकेत अर्थशास्त्र शिकताना भारताच्या गरिबीचं कारण ते कर आणि सरकारी खर्चात शोधू लागले. १९२९ मध्ये साबरमतीला गांधीजींची भेट झाली. सूटबूट सुटला, खादी आली. गांधीजींनी त्यांना गुजरातच्या खेडा जिल्ह्यात मातर तालुक्याच्या पाहणीला लावलं. शेतकऱ्याच्या घरात येतं किती आणि जातं किती, हे त्यांनी गावोगावी मोजलं.

१९३४ मध्ये अखिल भारतीय ग्रामोद्योग संघ स्थापन झाला. जमनालाल बजाज यांनी दिलेल्या वर्ध्याच्या मगनवाडीत त्याचं काम सुरू झालं आणि कुमारप्पांनी ते अंगावर घेतलं. तिथे सुधारित घाणी, हातकागद, मधमाशीपालन असे प्रयोग चालत. मगनदीप नावाचा कंदील रॉकेलऐवजी खाण्याच्या किंवा इतर बियांच्या तेलावर जळायचा.

या कंदिलात त्यांचं सगळं अर्थशास्त्र येतं. रॉकेल विकत घेतलं की पैसा गावाबाहेर गेला. तेलबी मात्र शेतात पिकते, तेल गावच्या घाणीवर निघतं, पेंड बैल खातो आणि शेण पुन्हा शेतात पडतं. कोळसा आणि खनिज तेल म्हणजे भरलेली कणगी, उपसली की संपली. शेतीचा माल म्हणजे वाहता झरा. कणगीवर जगणारे देश शेवटी कणगीसाठी भांडणार, असं कुमारप्पा मांडत.

१९४२ च्या आंदोलनानंतर ते तुरुंगात गेले. तिथे त्यांनी कायम टिकणाऱ्या अर्थव्यवस्थेवर पुस्तक लिहिलं. त्यातली उदाहरणं कोणालाही समजतील अशी आहेत. बागेत शिरून फळं खाणारं माकड झाडाला काहीच देत नाही. मधमाशी पोळ्यातल्या सगळ्यांसाठी राबते. माणसाने कोणाच्या वाटेने जायचं, हा त्यांचा सवाल होता.

स्वातंत्र्यानंतर काँग्रेसच्या कृषी सुधारणा समितीचे ते अध्यक्ष झाले. जमीन कसणाऱ्याची असावी, अशी शिफारस या समितीने १९४९ मध्ये केली. ट्रॅक्टर आणि रासायनिक खताला मात्र त्यांचा विरोध होता आणि तो त्यांनी सोडला नाही. देश दुसऱ्या वाटेने गेला. ३० जानेवारी १९६० रोजी, गांधीजींच्या पुण्यतिथीलाच, ते वारले.

त्यांचं सगळंच आज जमणार नाही. खत बंद करा म्हटलं तर कोण ऐकेल? पण त्यांचा हिशेब आजही लावता येतो. माल शेतातला आहे म्हणून धंदा आपोआप चांगला ठरत नाही. पऱ्हाट्यांची ट्रॉली भरून गावाबाहेर गेली, तर त्या बदल्यात शेताला काय मिळालं? पैसा गावात किती फिरला? मातीला काही परत नाही आणि नफाही बाहेरच, तर ते माकडाचंच काम झालं, नाव कितीही हिरवं असो.

मगनवाडीतलं मगन संग्रहालय आजही वर्ध्यात आहे. बाजाराला, दवाखान्याला जाणं होतंच. तासभर काढून मुलांना दाखवून आणा.